एक बुधवार पुढे

कंट्रोलरसाहेबांनी महाडच्या एसटी स्टँडवर माईक तोंडाशी धरला, की तिकडे दासगावात सावित्रीवर जाळी टाकून बसलेली माणसं "पोलादपूर गाडी लागली, चला जेवायला" म्हणत जाळी गुंडाळायची. महाड ते दासगाव अंतर किती, आवाज एवढा लांब जातो का, असले प्रश्न मला कुणी विचारू नयेत. मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगणाऱ्यांचा मला फार राग आहे. त्यांच्यामुळे माझ्यासारख्या सरळ माणसाचं कोणी खरं मानत नाही.

साहेब निवृत्त झाले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. घरात ताटावर बसून ते म्हणायचे, "कृपया इकडे लक्ष द्यावे, वरण गार आहे," आणि शेजारपाजारच्या सगळ्या घरांतलं वरण परत गॅसवर चढायचं. शेवटी त्यांच्या सौभाग्यवतींनी हात जोडून सांगितलं, "अहो, सकाळी बाहेर जा, दुपारी जेवायला या आणि परत बाहेर जा. कुठं जायचं ते मी विचारणार नाही."

कुठं जायचं हा प्रश्न मात्र साहेबांना खरंच पडला. जन्मभर लोकांना गाड्या दाखवल्या, कोल्हापूरच्या, पुण्याच्या, बोरिवलीच्या. स्वतः मात्र पोलादपूरच्या पलीकडे फारसे गेलेले नव्हते.

त्याच वर्षी सावित्री गावात येऊन गेली. पुराचं रडगाणं मी गाणार नाही. ज्यांनी सोसलं त्यांना ते पाठ आहे आणि ज्यांनी सोसलं नाही त्यांना ते सांगून कळत नाही. पाणी उतरलं आणि घराघरात मागे राहिला तो गाळ. मऊ, काळपट, लोण्यासारखा. ओट्यावर, कपाटात, देवघरात, शिवणयंत्राच्या खणात. आख्खं महाड फावडी घेऊन तो बाहेर लोटत होतं आणि एक माणूस रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडत होता, "गाळ टाकू नये! गाळ टाकू नये! सर्व गाळ गिरणीकडे न्यावा!"

स्टँडच्या मागे साहेबांच्या चुलतभावाची भाताची गिरण होती, बंद पडलेली. तिच्यात आधीच गुडघाभर गाळ होता. साहेबांनी त्यात गावाचा भरला. लोकांना वाटलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. मला तर खात्रीच होती. मी तेव्हा महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होतो, आणि कशाचा साठा कशाला करतात याची मला थोडी समज होती. गाळाचा साठा करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

दिवाळी झाली आणि गिरणीच्या दारावर खडूने लिहिलेली पाटी आली. "हातवर्ग. दर रविवारी. मातीकाम. फक्त मोठ्यांसाठी. काहीही येत नसणाऱ्यांना प्राधान्य."

मी चौकशीला म्हणून गेलो आणि अडकलो. सगळे असेच अडकले. दारात साहेब उभे. "खाली बसा," म्हणाले. मी उकिडवा बसलो. साहेब कान देऊन ऐकत होते. माझा उजवा गुडघा कटकन वाजला.

"प्रवेश मंजूर."

हीच परीक्षा होती. ज्याचा गुडघा बसताना वाजत नाही, त्याला हातवर्गात जागा नाही. साहेबांचं म्हणणं, ज्याचा गुडघा वाजत नाही त्याला अजून शाळा-कॉलेज, क्रिकेट, लग्न, सगळं आहे. आमच्यासारख्यांना कोण विचारतो? माझ्या नंतर खानावळवाल्या वहिनी आल्या. त्यांचा गुडघा असा वाजला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. त्यांना त्याच दिवशी मॉनिटर केलं.

वहिनींची बाजारात खानावळ होती. वसाहतीतली निम्मी पाळी त्यांच्याकडे जेवायची. मीही त्यातलाच. बाई दिवसाला पोत्याने पीठ मळायची, त्यामुळे माती मळायला तिच्यासारखं कोणी नव्हतं. फक्त सवयीने ती मातीचाही गोळा थापटून पोळी करायची. पहिले तीन रविवार आमच्याकडे भांडी झालीच नाहीत. सुंदर, गोल, पातळ, मातीच्या पोळ्या झाल्या.

अण्णांची गोष्ट वेगळी. पतपेढीचे निवृत्त मॅनेजर, बोलणं सगळं छापल्यासारखं. ते शिकायला आलेच नव्हते. आमचं पहिलं काम गाळ वाळवणं, कुटणं, चाळणं. त्या चाळण्यात काय काय निघालं! चमचे, किल्ल्या, एक गजराचं घड्याळ, ते हातात घेतल्यावर वाजलं, आणि एक कवळी. वरची. साहेबांनी ती धुऊन खिडकीत ठेवली आणि माईकवरून पुकारलं, "एक कवळी सापडली आहे. प्रवाशांनी ओळख पटवून घेऊन जावी." दुसऱ्याच रविवारी अण्णा तोंडावर रुमाल धरून हजर. कवळी बसवली, दोनदा टकटक करून पाहिली आणि म्हणाले, "उपकृत आहे. इथे नक्की चालतं काय?" तिथंच बसले. बसताना गुडघा वाजला.

पुढे एकदा अण्णा कुटुंबासह महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ करून आले आणि त्यांचा गुडघा वाजेनासा झाला. साहेबांनी त्यांना नोटीस दिली. तोंडी. "एका आठवड्यात वाजला नाही तर नाव कमी होईल." अण्णांनी आठवडाभर जिने चढून-उतरून गुडघा पूर्ववत केला. आमच्याकडे शिस्त होती.

माईकचं विसरलोच. बँडवाल्याकडून आणलेला जुना भोंगा आणि माईक गिरणीत लावलेला होता. शिकवायचं सगळं माईकवरून. गिरणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दोरी, तिला घंटी. एकदा वाजली की हात थांबवायचे, दोनदा वाजली की चालू करायचे. आणि वर साहेबांचा तो आवाज:

"कृपया इकडे लक्ष द्यावे. खिडकीपाशी बसलेल्या अण्णांचे भांडे डावीकडे कलून चाललेले आहे. अण्णांनी आपल्या सामानाकडे स्वतः लक्ष द्यावे. वहिनी, पोळी नको. पुन्हा सांगतो, पोळी नको."

चाक म्हणजे गिरणीच्या पट्ट्याची जुनी पुली, तिच्यावर पाट. पायाने फिरवायची. पहिल्या दिवशी मी ती इतक्या हौसेने फिरवली की माझा गोळा पाटावरून उठला, खिडकीतून गेला आणि स्टँडवरच्या चहावाल्याच्या पातेल्यात पडला. त्या दिवशी चहा दाट आहे म्हणून लोकांनी तारीफ केली.

आणि साहेबांची सगळ्यात मोठी सक्ती: "मला येत नाही" हे शब्द गिरणीत उच्चारायचे नाहीत. त्याऐवजी म्हणायचं, "माझी गाडी अजून फलाटावर आलेली नाही." मग साहेब लगेच माईक उचलून म्हणायचे, "लेट आहे. रद्द नाही."

ऐकायला हे पोरकट वाटतं. पण पन्नाशीच्या माणसाचं भांडं पाचव्यांदा बसतं, हाताला नुसता चिखल उरतो, आणि मनात येतं की चला, या वयात हे काय, उठा, घरी जा. तेव्हा भोंग्यातून ते ऐकू यायचं. लेट आहे, रद्द नाही. आणि आपण परत पुलीवर पाय ठेवायचो. मी स्टोअरमध्ये जन्म काढलेला माणूस. वस्तू आली, वस्तू गेली, एवढंच ठाऊक. वस्तू होते कशी, ते मी तिथं पाहिलं.

गाव आम्हाला चिखलकाले म्हणायचं. म्हणो बापडं. मी त्याच्यावर माझ्या परीने उपाय केला. वसाहतीच्या बसमध्ये सहज बोलून गेलो, की साहेब ही कला जपानमध्ये शिकले आहेत. मी फक्त जपान म्हणालो. सात वर्षं, बर्फातला मठ आणि गुरूने दिलेला रेशमी पट्टा हे लोकांनी आपापल्या पदरचं घातलं. महिन्याभरात बाजारपेठेत लोक साहेबांना कमरेत वाकून नमस्कार करू लागले. साहेब गोंधळून परत वाकायचे. त्यामुळे तर खात्रीच पटली.

जपानचा खास पुरावा म्हणजे चिमटा. भांडं चाकावर उभं राहिलं, काठ आला, की डाव्या हाताचा अंगठा वाकडा करून काठाला एका जागी आत दाबायचं. हलकासा खळगा. साहेब म्हणायचे, "चिमट्याशिवाय भांडं पुरं होत नाही." का, ते सांगायचे नाहीत. आम्ही आपापली कारणं शोधली. अण्णांच्या मते त्यातून भांडं श्वास घेतं. वहिनींच्या मते ओठ टेकायला सोय. चिमटा शिकायला आम्हाला महिना लागला, कारण अंगठा तसा वाकत नाही. अण्णा तर रात्री अंगठ्याला दोरा बांधून झोपायचे. पण आला. सगळ्यांना आला.

आता बुधवारची गोष्ट.

माझी साप्ताहिक सुट्टी त्या आठवड्यात बुधवारी आली. एका सहकाऱ्याच्या घराची वास्तुशांत होती, पोलादपूरच्या पुढे, घाटाच्या पायथ्याच्या वाडीत. परत येताना स्कूटर पंक्चर. ढकलत निघालो. वाटेत एक कौलारू खोपट, अंगणात मडकी उपडी घातलेली, आणि आतून एका बाईचा कडकडाट:

"अरे भोंग्या! हात हाय का फावडं हाय? दाबू नको रे! मातीला दुखतंय ते तुला कळत नाय?"

"काकी, माझी गाडी अजून..."

"गाडी खड्ड्यात घाल तुझी. परत कर."

मी कुंपणातून डोकावलो. चाकासमोर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसलेले आमचे कंट्रोलरसाहेब. समोर एक वाळलेली, काळीसावळी म्हातारी, मनगटापर्यंत मातीत. साहेबांचा आवाज, ज्याने दासगावची जाळी गुंडाळली जायची, तो आवाज शेळीसारखा झाला होता. म्हातारीने त्यांच्या भांड्याला एक टपली मारली. भांडं बसलं. ती म्हणाली, "आता रडू नको. गोळा घे."

आणि तिथं, त्या दुपारी, साहेबांनी जे जे केलं, ते ते पुढच्या रविवारी भोंग्यातून आम्हाला शिकवलं. तेच, तसंच, फक्त शिव्या वगळून.

मी हे कोणाला सांगितलं नाही. माझ्यासारख्या माणसाने एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवली, तर पोटाला किती त्रास होतो ते मला विचारा. पण ठेवली. मला वाटलं, आख्ख्या महाडात ही गोष्ट ठाऊक असलेला मी एकटा. त्यात एक मजा होती. रविवारी साहेब "आज आपण गळा कसा आवळावा ते पाहू" असं म्हणाले, की मी गंभीर चेहरा करून विचारायचो, "साहेब, हे जपानमध्ये कोणत्या वारी शिकवतात?" साहेबांच्या कपाळावर घाम यायचा.

शिमगा झाला आणि ठरलं, भट्टी लावायची. आतापर्यंतची भांडी कच्ची होती. आम्ही करायचो आणि परत मोडून गोळा करायचो. आता प्रत्येकाने एक चांगला चहाचा पेला करायचा, गिरणीच्या अंगणात पेंढा, तूस, शेणी रचून भाजायचा. शनिवारी पेटवायची, रविवारी सकाळी गावासमोर उघडायची आणि त्याच पेल्यांतून गावाला चहा पाजायचा. चिखलकाले कोण ते दाखवून देऊ, असं वहिनी म्हणाल्या. त्यांच्या हातात त्या वेळी लाटणं होतं, त्यामुळे कोणी विरोध केला नाही.

"प्रमुख पाहुणा पाहिजे," अण्णा म्हणाले. "पण पुढारी नको. कलेतला माणूस हवा."

"मग कुंभारीणकाकी हाय की," कंडक्टर म्हणाला. हा पोलादपूर गाडीवरचा कंडक्टर, आमच्या वर्गात कोपऱ्यात बसायचा. बोलायचा कमी, कारण दिवसभर लोकांशी सुट्ट्यांवरून बोलून त्याचं तोंड दुखायचं. "पोलादपूरच्या पुढं ऱ्हाते. जुनी बाई. मी माझ्या गाडीतनं आणतो ना."

"उत्तम!" अण्णा म्हणाले, आणि का कोण जाणे, थोडे चाचरले.

साहेबांच्या हातातला माईक खाली आला होता. मग ते म्हणाले, "काकी... म्हणजे त्या कोण असतील त्या... वयस्कर आहेत. प्रवास झेपायचा नाही. आणि घाटात दरड कोसळलेली आहे."

"साहेब," कंडक्टर म्हणाला, "मी आत्ता त्याच रस्त्यानं आलो. आणि पावसाला तीन म्हैने हायत."

"कोसळेल," साहेब म्हणाले.

पण ठरलं ते ठरलं. सगळे गेल्यावर साहेब गिरणीच्या ओट्यावर बसले. मी मुद्दाम रेंगाळलो. साहेब आवाज न चढवता बोलू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"तुला म्हणून सांगतो," ते म्हणाले. "मला काही येत नाही."

"साहेब, हे शब्द गिरणीत—"

"ओट्यावर चालतात. मी बुधवारी शिकतो आणि रविवारी शिकवतो. मी तुमच्यापेक्षा फक्त एक बुधवार पुढे आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या पुकारल्या रे. वाटलं, आता एखादी आपली. लोक यायला लागले, मास्तर म्हणायला लागले. मग ते जपान कोणी उठवलं देव जाणे."

मी छपराकडे पाहिलं. छपरात पाहण्यासारखं पुष्कळ होतं.

"काकी येईल, माईक हातात घेईल आणि म्हणेल, हा तर माझ्याकडचा सगळ्यात ढ. रविवारी भट्टी उघडेल आणि सोमवारी वर्ग बंद. खोट्या मास्तराकडे कोण येतं? आणि ढ तर मी आहेच. तुम्हाला सगळ्यांना चिमटा आला. मला अजून येत नाही. अंगठा वळतच नाही."

मी म्हणालो, "लेट आहे साहेब. रद्द नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट स्कूटर चालू केली.

शनिवारी भट्टी पेटली. तिचा धूर रायगडावरून दिसला असं म्हणतात. म्हणजे मी म्हणतो. रविवारी सकाळी गिरणीच्या अंगणात निम्मं महाड जमलं. काही कौतुकाने, बरेचसे हसायला. पोलादपूर गाडी आली. कंडक्टरने हात धरून काकीला आणलं. हिरवं लुगडं, डोळ्यांत माजोरी चमक. खुर्ची दिली तर म्हणाली, "मी खुर्चीत बसून भट्टी बघू?" आणि जमिनीवर बसली. दोन्ही गुडघे एकदम वाजले. गर्दीतून "प्रवेश मंजूर!" असा आवाज आला आणि सगळे हसले. साहेब नाही हसले. ते माईकच्या खांबाला धरून उभे होते, फाशीचा दोर धरावा तसे.

राख बाजूला केली. एकेक पेला बाहेर आला. लालबुंद, कुठे काळ्या ढगाचे डाग. काही तडकले होते, पण बरेच धड होते. काकीने पहिला उचलला, बोटाच्या पेराने टक् करून वाजवला, कानाशी नेला. "बरा हाय." दुसरा. टक्. "बरा हाय." मग तिने तिसऱ्याचा काठ पाहिला. परत पहिल्याचा पाहिला. दुसऱ्याचा पाहिला. सगळे पेले ओळीने मांडून घेतले आणि एकेकाच्या काठावरून अंगठा फिरवत गेली.

"ही माझी बोटं हितं कशी आली?" ती म्हणाली.

कोणाला कळलं नाही. तिने डावा हात वर केला. अंगठा पहिल्या पेरापाशी आत मुडपलेला, कोयंड्यासारखा. "ल्हानपणी उखळात मुसळाखाली गावला. तवापासनं सरळ व्हत नाय. म्हून माझ्या सगळ्या भांड्यांना हितं खळगा पडतो. पोलादपूरच्या बाजारात लोक त्यावरनं वळखतात. ही खोड हाय माझी! तुमी सगळ्यांनी ही कशाला केली? सगळ्यांचे अंगठे उखळात गेलेवते का?"

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा आपल्या दोरा बांधून बांधून वाकवलेल्या अंगठ्याकडे पाहत होते.

काकीची नजर फिरत फिरत खांबावर गेली. "भोंग्या," ती म्हणाली, "ह्ये तू शिकवलंस."

साहेबांनी मान खाली घातली. मग वर केली, आणि माईक न घेताच म्हणाले, "हो काकी. मला वाटलं, ती रीतच आहे. मंडळी, मी जपानला गेलेलो नाही. मी दर बुधवारी काकीकडे जातो. ती सांगते ते मी रविवारी तुम्हाला सांगतो. बस, एवढंच आहे."

आता वर्ग बंद, असं मला वाटलं. झालं ते असं, की वहिनी चहाच्या पातेल्यावरून म्हणाल्या, "अहो, हे आम्हाला माहीत आहे. साखर कोणाला कमी?"

"माहीत आहे?" साहेब म्हणाले.

"माहीत आहे?" हे मी म्हणालो. माझा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा होता.

"सायब," कंडक्टर म्हणाला, "दर बुधवारी माझ्याच गाडीनं जाता. जाताना पँटीला इस्त्री, येताना गुडघ्यापर्यंत चिखल. आन् शेजारी बसून सगळ्या वाटेनं हवेत भांडी करता. मी पयल्याच म्हैन्यात वैनींना बोललो."

"मी खानावळीत बोलले," वहिनी म्हणाल्या.

म्हणजे आख्ख्या गावाला. मी त्या खानावळीत रोज जेवत होतो आणि मला कोणी सांगितलं नाही! नंतर कळलं, सगळ्यांना वाटत होतं की मला सांगितलं तर ते गावभर होईल.

"आन् ह्यो," काकीने अण्णांकडे बोट केलं, "ह्यो तर गुरुवारी येतो."

अण्णांच्या तोंडातून कवळी सुटता सुटता राहिली. "मी फक्त... एक दिवस पुढे असावं, म्हणून..."

अंगण फुटेल असं हसलं. साहेबांना मात्र अजून समजत नव्हतं. "मग इथं कशाला येत राहिलात? सगळे काकीकडेच गेला असतात."

"काकीकडे?" अण्णा म्हणाले. "अहो, त्या मारतात."

"मी मारते?" काकीने हातातला पेला उगारला.

"तुम्ही मारत नाही," वहिनी साहेबांना म्हणाल्या. "माझ्या सतरा पोळ्या झाल्या, तरी तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की बाई, तू खानावळच चालव. म्हणून येतो." आणि त्या परत साखर ढवळायला लागल्या, कारण चहा उतू जात होता.

काकीने पेला खाली ठेवला. "बरं. सगळ्यांचं बगितलं. तुझं कुठाय, भोंग्या?"

"माझं बघण्यासारखं नाही काकी. चिमटा आलाच नाही."

"कुठाय?"

साहेब गिरणीत गेले. तुसाच्या पोत्यामागे हात घालून त्यांनी एक पेला काढला. तो त्यांनी भट्टीत सगळ्यात खाली, कोणाला न दिसेल असा ठेवला होता आणि सकाळी सगळ्यांच्या आधी काढून लपवला होता. काकीने तो घेतला. जरा बुटका, पोटाला फुगीर, साहेबांसारखाच. तिने काठावरून अंगठा फिरवला. एक वेढा. दुसरा वेढा. कुठेच अडला नाही.

"यात माझं बोट नाय," ती म्हणाली.

"नाही जमलं काकी."

"अरे मूर्खा, हे सगळे पेले माझे हायत. ह्यो एकच तुझा हाय." मग तिने तो पेराने वाजवला. टक्. कानाशी नेला, आणि बराच वेळ तिथंच ठेवला. "वैनी, च्या वता गो ह्यात."

वहिनींनी काठोकाठ ओतला. अण्णा, मी, कंडक्टर, सगळे खाली वाकून पेल्याच्या बुडाकडे पाहत राहिलो. सगळ्यांचे गुडघे वाजले. थेंब पडला नाही.

साहेबांनी पहिला घोट घेतला. जीभ भाजली असणार, कारण डोळ्यांत पाणी आलं. तसेच ते माईककडे गेले. बटण दाबलं. भोंग्यातून नुसता श्वास ऐकू येत होता, आख्ख्या बाजारपेठेला. मग तो आवाज आला, पहिल्यासारखा, दासगावपर्यंत जाणारा:

"कृपया इकडे लक्ष द्यावे. बरीच वर्षे लेट असलेली गाडी... फलाटावर लागलेली आहे."

तिकडे स्टँडवर पोलादपूरला जाणारी सगळी माणसं पिशव्या उचलून उभी राहिली. दासगावात जाळी गुंडाळली गेली. हे मात्र खरं आहे. मी नंतर जाऊन विचारून आलो.